ट्रायथलॉनचे ऊन : लेपाआधी वस्त्र, वस्त्राआधी सात्म्य

गेल्या काही वर्षांत मावळात चिकित्सा करणाऱ्या वैद्यांकडे एक नवा वर्ग येऊ लागला आहे. त्यास रुग्णवर्ग म्हणावे की नाही, हाच पहिला प्रश्न. रविवारी पहाटे पुण्याहून निघून जुन्या महामार्गाने देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेत असे करीत लोणावळ्यापर्यंत सायकल मारणारी, पवनेच्या जलाशयाकाठी धावणारी, कोठे तलावात पोहण्याचा सराव करणारी ही मंडळी आहेत. वय तिशी ते पन्नाशी, नोकरी बहुधा हिंजवडी किंवा चाकणकडची. प्रकृती तपासली तर पुष्कळ जण पित्तप्रधान निघतात. स्वभावाने तर जवळजवळ सारेच. व्याधी म्हणून ते काही सांगत नाहीत. त्यांची मागणी ठराविक असते : "वैद्यराज, उन्हासाठी काहीतरी आयुर्वेदिक लावायला द्या. ते सनस्क्रीन नको, त्यात केमिकल असते."

या मागणीस आपण वैद्य काय उत्तर देतो, याचा विचार व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच. आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. आपल्यापैकी बहुतेक जण या प्रश्नाला चुकीच्या टोकाकडून उत्तर देतात. आम्हीही अनेक वर्षे तसेच देत होतो. त्याची किंमत एकदा एका तरुणाला मोजावी लागली असती.

ज्या वैद्यबंधु-भगिनींना या खेळाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे ही तीन कर्मे एकापाठोपाठ एक, मध्ये विश्रांती न घेता करणे. यातील दीर्घ पल्ल्याची सर्वांत प्रसिद्ध शर्यत, 'आयर्नमॅन', १९७८ साली हवाई बेटांत १५ स्पर्धकांनिशी सुरू झाली. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटर धावणे, असे तिचे स्वरूप. २०१५ साली मिलिंद सोमण यांनी वयाच्या पन्नाशीत झुरिच येथे ती पूर्ण केली, तेव्हापासून मराठी घरांतही हे नाव पोहोचले. तिची अर्धी आवृत्ती, म्हणजे १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर, २०१९ च्या ऑक्टोबरात गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर प्रथम झाली. महामारीमुळे दोन वर्षे खंड पडला आणि २०२२ पासून ती पुन्हा भरू लागली. पुणे-मावळकडील पुष्कळांचे लक्ष्य हीच शर्यत असते.

वैद्याने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या खेळाची रचनाच अशी, की पोहणे सकाळच्या गारव्यात होते, सायकल चढत्या उन्हात आणि धावणे बहुतेकांच्या वाट्याला ऐन माध्यान्ही येते. शरीर थकलेले, रसधातू स्वेदावाटे घटलेला, काळ पित्ताचा आणि कर्म तिन्हींतले सर्वांत उष्णता उत्पन्न करणारे. सायकलवर निदान वारा लागतो. धावणाऱ्यास तोही पुरेसा लागत नाही.

आता तो प्रसंग. चैत्रातले दिवस होते. पवनेच्या बाजूला काही हौशी मंडळींनी आपसांत सरावाची एक छोटी शर्यत ठेवली होती आणि ओळखीने आम्हांस वैद्यकीय साहाय्यासाठी बोलावले होते. कोणाचेही नाव घेण्याचे प्रयोजन नाही. चूक आमची होती. साडेअकराच्या सुमारास धावण्याच्या टप्प्यात तिशीतला एक तरुण अडखळत आला. अंगात बिनबाह्यांचा पातळ काळा पोशाख, डोक्यावर काही नाही. आम्ही त्यास सावलीत बसविले. तो आपली सायकल कोठे गेली असे पुन्हापुन्हा विचारू लागला. ती त्याने तासाभरापूर्वीच स्वहस्ते जागेवर लावली होती. अंग घामाने निथळत होते. उष्माघातात त्वचा कोरडी पडते असे आम्ही शिकलो होतो, म्हणून हा उष्माघात नव्हे, श्रमजन्य ग्लानी असावी असे आम्ही ठरविले. सरबतासाठी आणलेला बर्फ पेटीत होता. तो त्याच्या अंगावर घालावा असे एक मुलगा म्हणाला. आम्ही त्यास थांबविले. तापलेल्या, श्रमलेल्या देहास एकाएकी शीतोदकाचा स्पर्श नको, असे आम्ही मोठ्या अधिकाराने सांगितले आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसास कोकम सरबत पाजू लागलो. त्याला वांती झाली.

यात दहा-बारा मिनिटे गेली असतील. स्पर्धकांतच एक डॉक्टर भगिनी होत्या. त्यांनी गुदमार्गाने तापमान पाहिले. ते ४१ अंश सेल्सियसच्या वर होते. त्यांनी ताडपत्री मागविली, तीवर त्यास निजविले, चौघांना चार कोपरे उचलून धरायला लावले आणि त्या खोलगट झोळीत पाणी व सगळा बर्फ ओतला. पंधरा-वीस मिनिटांत तो ओळखीने बोलू लागला. मग रुग्णालयात नेला. आज तो ठणठणीत आहे आणि अजून धावतो. त्याने आम्हांस कधी दोष दिला नाही, हे अधिक बोचते.

घरी येऊन आम्ही ग्रंथ उघडले. आम्ही जे बोललो त्यास आधार होता. भय, श्रम आणि संताप यांनी पीडित असताना एकाएकी शीत जलात उतरणे हे चरकाचार्यांनी कुष्ठाच्या निदानात सांगितले आहे. परंतु तो दीर्घकालीन अपथ्याचा विचार आहे, आत्ययिक अवस्थेचा नव्हे. आणि सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, अग्निकर्माच्या बाराव्या अध्यायात, उष्ण वारा व ऊन यांनी दग्ध झालेल्यास नेहमी शीत उपचारच करावेत असे स्पष्ट सांगितले आहे. त्याच अध्यायात अग्नीने किंचित पोळलेल्यास उष्ण उपचार सांगितले असल्यामुळे हा भेद अधिकच ठळक होतो. तो अध्याय आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केला होता. झाडाखाली त्या दिवशी आठवले ते मात्र दुसरेच वचन. शास्त्र अपुरे नव्हते. आमचे स्मरण अपुरे होते.

आधुनिक वैद्यकाचा अनुभवही याच बाजूचा आहे. अमेरिकेत फालमाउथ येथे दरवर्षी भर उन्हाळ्यात सात मैलांची शर्यत होते. तेथे १८ वर्षांत श्रमजन्य उष्माघाताचे २७४ रुग्ण जागच्या जागी बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड केले गेले आणि त्यांतील एकही दगावला नाही. श्रमाने येणाऱ्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. भ्रम, असंबद्ध बोलणे, चिडचिड, तोल जाणे हीच खरी लक्षणे. अशा वेळी पहिल्या अर्ध्या तासात देह थंड करणे आणि नंतर रुग्णालयात नेणे, हा क्रम आहे. उलटा नव्हे.

येथून मागे वळून मूळ मागणीकडे, 'उन्हासाठी काहीतरी लावायला द्या' याकडे पाहिले, म्हणजे तिच्यातले वैगुण्य दिसते. तीत उन्हापासून रक्षण म्हणजे त्वचेचे रक्षण असे गृहीत धरलेले असते. आपल्या लोकांची त्वचा बहुतांशी सावळी. तिच्यातले रंजकद्रव्य तिचे काही रक्षण करते, आणि पाश्चात्त्य देशांत ज्या भयाने सनस्क्रीनचा प्रसार झाला तो त्वचेचा कर्करोग आपल्याकडे त्या मानाने विरळ आहे. म्हणून मावळातल्या स्पर्धकाच्या बाबतीत आमचा क्रम असा आहे : पहिला शत्रू उष्णता, दुसरा डोळ्यांवरचे तेज, तिसरा त्वचेचा दाह. दुकाने हा क्रम उलटा लावतात, कारण तिसऱ्यावरचे औषध बाटलीत भरून विकता येते. त्वचा काळवंडणे ही तर आमच्या मते व्याधीच नव्हे. सहा महिने उन्हात मेहनत केलेल्या मुलीचा वर्ण थोडा उतरला म्हणून तिची आई तिला आमच्याकडे घेऊन येते, तेव्हा उपचाराची गरज कोणाला आहे असा प्रश्न पडतो.

उष्णतेपासून रक्षणाचे पहिले साधन वस्त्रही नव्हे, सात्म्य होय. लोणावळ्याचा विषय येथे महत्त्वाचा ठरतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर. पावसाळ्यात येथे चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात भुशीपासून राजमाचीच्या फाट्यापर्यंत धुके उतरलेले असते आणि त्या गारव्यात धावणे हे सुखच. गोव्याची शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते, म्हणजे तिच्या तयारीचे मुख्य महिने नेमके हेच. चार महिने धुक्यात, गार वाऱ्यात सराव केलेला देह शरद ऋतूच्या उन्हात, समुद्रकाठच्या दमट हवेत एकदम नेऊन उभा केला जातो. शरद हा पित्तप्रकोपाचा काळ, हे वैद्यास सांगावे लागू नये. देशविचाराने पाहिले तरी कोकण-गोमंतक आनूप. तेथे घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळणारा घाम देहास थंड करीत नाही. केवळ जल आणि लवण हरवते. घाटावरचा वारा पंख्याचे काम करतो, हे घाटावर असताना लक्षात येत नाही.

खारघरची घटना स्मरणात असेल. १६ एप्रिल २०२३ रोजी तेथे मोकळ्या मैदानावरील समारंभात उन्हात बसलेल्यांपैकी अनेक माणसे उष्माघाताने मृत्युमुखी पडली. ती माणसे धावत नव्हती, केवळ बसून होती. खारघर घाटाखाली, लोणावळ्यापासून सायकलस्वाराच्या एका सकाळच्या अंतरावर आहे.

सात्म्य होण्यास किती काळ लागतो? क्रीडावैद्यकात उष्णतेची सवय होण्यास सुमारे सात ते चौदा दिवस लागतात असे मानतात. रोज तास-दीड तास उष्ण हवेत मध्यम श्रम करावे लागतात. मग घाम लवकर सुटू लागतो, त्यातील लवण घटते, हृदयाची गती उतरते. वाग्भटाचार्यांनी ऋतुसंधी सांगितला तो सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येत्या ऋतूचे पहिले सात असा चौदा दिवसांचाच. आणि त्या काळात पूर्वीचा विधी क्रमाने सोडून पुढचा क्रमाने घ्यावा, एकदम नव्हे, असे म्हटले आहे. दोन्ही आकडे जुळतात म्हणून प्राचीनांस सर्व ठाऊक होते असा डांगोरा पिटण्याचे कारण नाही. पण ज्या स्पर्धकास 'हीट अ‍ॅक्लिमटायझेशन' हा शब्द जड जातो त्यास ऋतुसंधी म्हणून सांगितले तर लगेच पटते, हा आमचा अनुभव आहे. शर्यतीपूर्वी दोन आठवडे सराव खोपोली-पनवेलच्या बाजूला, घाटाखाली, सकाळी जरा उशिरा करावा. प्रथम थोडा, मग वाढवीत न्यावा. जाणे शक्य नसेल तर लोणावळ्यातच अंगावर एक जादा कपडा घालून धावावे, मात्र कोणी सोबत असताना. ही सवय सुटतेही लवकर. गारव्यात दोन-तीन आठवडे काढले की बरीचशी ओसरते.

ग्रीष्मात व्यायाम आणि सूर्यकिरण वर्ज्य आहेत, मग हे सारे करूच नका असे का सांगत नाही, असा आक्षेप एका ज्येष्ठ वैद्यांनी आमच्यावर घेतला होता. आक्षेप योग्य आहे. अर्धशक्तीने व्यायाम आणि शीतकाल-वसंताव्यतिरिक्त त्याहूनही मंद, हे आपले शास्त्र. आणि दीर्घ ट्रायथलॉन हे साहस आहे, व्यायाम नव्हे, यात आम्हांस संशय नाही. परंतु 'करू नका' एवढे सांगितल्यावर तो मनुष्य शर्यत सोडत नाही, आपल्याला सोडतो; आणि पुढचा सल्ला समाजमाध्यमावरच्या कोणा अर्धवटाकडून घेतो. म्हणून आम्ही 'नाही' हा शब्द राखून ठेवतो आणि आठवड्याभरात ज्वर किंवा अतिसार होऊन गेला असेल, आदली रात्र जागरणात गेली असेल, मूत्रल औषधे चालू असतील, पूर्वी उन्हाने शुद्ध हरपली असेल, तेव्हा तो वापरतो. अशा वेळी तो ठामपणे वापरावा. प्रवेशशुल्क बुडते म्हणून तापातून उठलेला मनुष्य पळायला निघतो, हे आम्ही पाहिले आहे.

आता वस्त्र. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, अनागत बाधांच्या प्रतिषेधाच्या चोविसाव्या अध्यायात, उष्णीष, छत्र आणि पादत्र यांचे गुण सांगितले आहेत. उष्णीष केसांस हितकर आणि वारा, ऊन, धूळ यांचे निवारण करणारे. स्पर्धेत छत्र धरता येत नाही, बाकी दोन धरता येतात. सायकलवर हेल्मेट अनिवार्य असते. वेगासाठी मिळणारी बंद, टोकदार हेल्मेटे डोक्याची उष्णता कोंडतात. पहिल्या पाचांत येण्याची ज्यांना आशा नाही, त्यांनी भरपूर झरोक्यांचे साधे हेल्मेट घ्यावे. त्या झरोक्यांतून विरळ केसांच्या डोक्यावर उन्हाचे पट्टे उमटतात. त्यास आत घालायची पातळ टोपी हाच उपाय. धावताना पुष्कळ जण नुसता पुढचा छज्जा असलेली, वर मोकळी पट्टी बांधतात. डोक्यास वारा लागतो हे खरे, पण माध्यान्हीचे सूर्यकिरण सरळ ब्रह्मरंध्रावर येतात. लोणावळ्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर असतो. पांढरी, जाळीदार, मानेवर पदर असलेली टोपी उत्तम. प्रत्येक पाणपोईवर ती भिजवावी आणि बर्फ मिळाला तर तिच्यात ठेवावा. आपल्या शेतकऱ्याचे पागोटे आणि वारकऱ्याचे उपरणे याच कामाचे.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. 'सुती ते सारे उत्तम' असे आपण सवयीने सांगतो. पागोट्यास अनेक वेढे असतात म्हणून ते रक्षण करते. पांढरा पातळ सुती सदरा कोरडा असताना नील-अतीत किरणांचा सुमारे सातवा हिस्सा आत सोडतो आणि घामाने ओला झाला की तिसरा. शिवाय तो अंगास चिकटतो, जड होतो, काखेत व जांघेत घासतो. ज्या तलम कृत्रिम वस्त्रावर संरक्षणाचा अंक ५० छापलेला असतो ते फार तर पन्नासावा हिस्सा सोडते, आणि लवकर वाळते. तेव्हा शर्यतीपुरते आम्ही कृत्रिम वस्त्राच्या बाजूचे आहोत. अर्ध्या वा पूर्ण बाह्यांचा, फिक्या रंगाचा पोशाख घ्यावा. पोशाख बिनबाह्यांचा असेल तर हाताला चढवायच्या सुट्या पांढऱ्या बाह्या घ्याव्यात आणि त्या ओल्या ठेवाव्यात. गोव्याच्या समुद्राचे पाणी कोमट असल्याने तेथे रबरी पोहण्याचा पोशाख लागत नाही. त्यामुळे पोहताना मानेची मागची बाजू व खांदे उघडे राहतात आणि दुपारी भाजतात ते तेच. जेथे घर्षण होते तेथे तूप किंवा पेट्रोलियम जेली लावावी. मात्र सर्वांगास तेल चोपडून उतरू नये. दमट हवेत घामाच्या वाळण्यास ते अडथळा करते, आणि सायकलच्या मुठीवरून हात निसटतो तो वेगळाच.

डोळ्यांविषयी थोडक्यात. चष्मा कानशिलांपर्यंत वळलेला आणि ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारा असावा. रस्त्यावर मिळणारी नुसती काळी काच अपायकारक, कारण तिच्यामागे बाहुली विस्फारते आणि न अडलेले किरण अधिक आत जातात. वर्षानुवर्षे ऊन, वारा आणि धूळ सोसणाऱ्यांत अर्म दिसते ते शेतकऱ्यांत आणि मासेमारी करणाऱ्यांत आपण पाहतोच.

आता लेप. चंदन, वाळा, हरिद्रा, कोरफड यांचे लेप आम्ही इतरत्र आनंदाने वापरतो. परंतु पाच-सहा तास पोहणाऱ्या, घामाने निथळणाऱ्या माणसाच्या अंगावर ते पाव तासही टिकत नाहीत. आणि जाड थापले तर घामाच्या मार्गात येतात. त्यांचे सूर्यरक्षण अमुक अंकाचे आहे असे छापून विकणारी बाटली दिसली तर ती चाचणी कोणी, कशी केली हे वैद्याने विचारावे. उत्तर मिळाले नाही तर शिफारस करू नये. खोबरेल तेलाने ऊन अडते ही समजूतही सोडून द्यावी. जे अडते ते नगण्य.

मग 'केमिकल नको' म्हणणाऱ्यास काय द्यावे? यशदाचे नाव सांगावे. जी पांढरी मलमे झिंक ऑक्साइडची असतात त्यांतील द्रव्य आपल्या रसशास्त्रास परके नाही. यशदभस्म हे मुख्यतः तेच. पण म्हणून घरचे भस्म तेलात कालवून फासू नये. कणांचा आकार, त्यांचे समान पसरणे, पाण्यात टिकणे या गोष्टी प्रमाणित मलमातच साधलेल्या असतात. अंक ३० चे मलम दाहकारक किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते आणि ५० चे ९८. त्यापुढचे आकडे फसवे. खरा प्रश्न मात्रेचा आहे. चाचणी दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम मलम लावून होते. माणसे त्याच्या निम्मेही लावत नाहीत. संपूर्ण उघड्या अंगास सहा चहाचे चमचे लागतात हे सांगितल्यावर स्पर्धक चकित होतात. दर दोन तासांनी, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे. कपाळावर लावू नये. ते घामाबरोबर डोळ्यांत उतरते आणि सायकलवर डोळे मिटावे लागतात. कपाळाचे काम टोपीवर सोपवावे. ओठ, कान आणि मान मात्र विसरू नयेत. शर्यतीनंतर त्वचा तांबडी होऊन दाह असेल तेथे शतधौत घृत आम्ही देतो आणि त्याने बरे वाटते.

पानाचा विषय स्वतंत्र लेखाचा, म्हणून एवढेच. ग्रीष्मचर्येत लवण वर्ज्य म्हणून स्पर्धकास बिनमिठाचे पाणी सांगणारे वैद्य आम्हांस माहीत आहेत. तासाला लिटरभर घाम गाळणाऱ्यास तो नियम लागू नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम घटलेले आढळले, आणि त्यामागचे मोठे कारण अतिरिक्त पाणी पिणे हे होते. तहान लागेल तसे, मीठ-साखर घातलेले लिंबाचे किंवा कोकमाचे सरबत प्यावे. खजूर-मनुकांचे पानकही चालते. शुद्ध नीट नसलेल्यास मात्र तोंडावाटे काहीही देऊ नये. हे वाक्य आम्ही कोणत्या अनुभवावरून लिहितो हे वर सांगितलेच आहे.

आपल्या संघटनेच्या सदस्यांपैकी निदान वडगाव, कामशेत, कार्ले, लोणावळा या मार्गावरच्या वैद्यांनी येत्या उन्हाळ्यासाठी एक करावे असे आम्ही सुचवितो. चिकित्सालयात एक ताडपत्री, गुदमार्गाने वापरायचा स्वतंत्र तापमापक आणि दोन मोठ्या बादल्या ठेवाव्यात. सायकलस्वार दारावरूनच जातात. कोणीतरी कधीतरी आणला जाईलच, आणि तो स्पर्धकच असेल असे नाही, भाताचे खाचर भाजायला गेलेला शेतकरीही असेल. गावात बर्फ कोणाकडे, किती वाजेपर्यंत मिळतो हेही चैत्र लागण्यापूर्वी विचारून ठेवावे. त्या दिवशी पेटीतला बर्फ संपल्यावर आणखी कोठून आणायचा, हे आम्हांस ठाऊक नव्हते.